सावद्याकडचं केळीचं चेंबर आणि मोबाइलला न लागणारा मायक्रॉन गेज

प्रकरण श्रावणातलं आहे, आणि श्रावणात केळीवाल्याचं चेंबर, म्हणजे केळी पिकवायची थंड खोली, बंद पडलं म्हणजे काय होतं ते आमच्या रावेर-यावल पट्ट्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. सोमवार, एकादशी, उपास, पाठोपाठ गणपती, पिकलेल्या केळीला खरा उठाव ह्याच दिवसात. इथून रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीकडे जातो तो माल कच्चाच जातो, पिकतो तिकडे जाऊन, पण जळगाव-भुसावळच्या हातगाडीवर जो पिवळाधम्मक माल दिसतो तो इथल्याच वखारीतून निघतो. आणि पिकायला लागलेलं केळ स्वतःच गरम होतं, पिकवायचा इथिलिन गॅस दिला की फणी श्वास घ्यायला लागते आणि उष्णता सोडते, ती काढायला कूलिंग नसलं तर वरून हिरवं आतून लगदा असा माल हातात येतो. उलट १३ डिग्रीच्या खाली गेलं तर साल काळपट राखाडी पडते. म्हणजे चेंबर १४ ते १८ च्या मधेच फिरत राहिलं पाहिजे, इकडे तिकडे चालत नाही.

सावद्याजवळ एका आप्पांची तीन चेंबरची वखार आहे. त्यातल्या कडेच्या चेंबरची कूलिंग कॉइल लिक झाली, कूलिंगचा गॅस सगळा गेला, आणि आधी कोणीतरी लिकेज शोधायला म्हणून सिस्टिम उघडी करून तशीच ठेवून गेला. बाहेर पाऊस. पाइपाची तोंडं नुसती टेपने बांधलेली, एकीकडची टेप सुटलेली. हे काम मग फैजपूरच्या एका पोराकडे आलं. पोरगं पूर्वी माझ्याकडे कूलिंगच्या कामात हेल्पर होतं, आता स्वतःचं काम करतं, ब्रेझिंगला, म्हणजे तांब्याचे पाइप तापवून सांधायला, हात माझ्यापेक्षा साफ आहे, खोटं कशाला बोलू. त्याने कॉइलचा यू-बेंड नायट्रोजन फिरवत ब्रेझ केला, ओल शोषणारा ड्रायर नवीन टाकला, नायट्रोजनचं प्रेशर रात्रभर ठेवलं, सकाळी सुई जागेवर, म्हणजे गळती नाही. इथपर्यंत एक नंबर काम. गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढतात, त्या व्हॅक्यूमला अडकलं आणि फोन आला, "दादा, गेज लागूनच नाही राह्यला मोबाइलला."

आता गेज कसला ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मायक्रॉन गेज, व्हॅक्यूम किती खोल गेलं ते मोजणारा, आकडा जितका कमी तितकं व्हॅक्यूम चांगलं. स्क्रीन नसलेला, मुठीएवढा, खाली फ्लेअर नट, वर एक बटन आणि एक एलईडी, बस. आकडा बघायचा तर मोबाइलमधल्या ॲपवरच. अशी ॲपं बरीच आहेत, टेस्टोचं स्मार्ट, फील्डपीसचं जॉब लिंक ही त्या त्या कंपनीची, आणि मेझरक्विकसारखं ॲप अनेक कंपन्यांची हत्यारं घेतं. ह्या पोराकडे कोणतं होतं ते लिहीत नाही कारण जे घडलं ते कोणत्याही जोडीवर घडू शकतं, आणि शेवटी गेजही चांगला निघाला आणि ॲपही.

काही जुने मिस्त्री म्हणतील की एवढं कशाला, सुई ३० इंचाला टेकली की व्हॅक्यूम झालं. मीही वर्षानुवर्षं तेच ऐकत आलो. पण हिशोब करा, मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि साध्या गेजवरचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. आपल्याला पाहिजेत ५०० च्या खाली. म्हणजे सुईच्या जाडीतच सगळा खेळ संपून जातो, सिस्टिममधे १०,००० मायक्रॉन आहे का ५०० हे त्या सुईला दिसूच शकत नाही. ह्या चेंबरच्या कूलिंगचा गॅस आर-४०४ए, त्या सिस्टिममधे कॉम्प्रेसरला पीओई नावाचं तेल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि एकदा घेतलं की सहजी सोडत नाही, पुढे ॲसिड होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगवर येतं. उघडी पडलेली सिस्टिम, पावसाचे दिवस आणि पीओई तेल, हे तिन्ही एकत्र आले असताना सुईवर भरवसा ठेवून गॅस मारणं म्हणजे आप्पांचा कॉम्प्रेसर जुगारात लावणं. पोराने गेज घेतला ते बरोबरच होतं.

मी पोचलो तेव्हा काय चित्र होतं बघा. आउटडोअर युनिट वखारीच्या मागच्या भिंतीला, पंप तिथेच. गेज मात्र चेंबरच्या आत, कॉइलमधून गॅस परत जातो त्या सक्शन हेडरवरच्या पिन वॉल्व्हला, म्हणजे ट्यूबला असतो तशा पिनवाल्या वॉल्व्हला. ते मीच त्याला शिकवलं होतं, गेज पंपाजवळ लावला तर पंपाचं कौतुक दिसतं, सिस्टिमचं खरं काय ते पंपापासून लांबच्या टोकालाच कळतं. तर गेज आत, पोरगं बाहेर, आणि वायरलेस घ्यायचं कारणच ते. ॲप उघडलेलं, सर्च गोल फिरतोय फिरतोय, यादी रिकामी. त्याने ॲप काढून परत टाकलं होतं, फोन बंद-चालू केला होता, गेजच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या, आणि आता गेज परत पाठवायच्या विचारात होता. बाजूला आप्पा खुर्ची टाकून बसलेले, "काय भो, तू व्हॅक्यूम मारून राह्यला का मोबाइल खेळून राह्यला?"

ब्लूटूथची तक्रार आली की मी पहिले एकच बघतो, गेज हवेत ओरडतोय का. ही हत्यारं बीएलईवर, म्हणजे कमी बॅटरी खाणाऱ्या ब्लूटूथवर, चालतात, म्हणजे चालू केली की थोड्या थोड्या वेळाने मी इथे आहे असा सिग्नल टाकत राहतात, आणि ॲप ते ऐकून यादीत नाव दाखवतं. हे तपासायला एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकटचं ॲप आहे, नॉर्डिक सेमीकंडक्टरचं, आजूबाजूला जे जे बीएलई हत्यार बोलतंय ते सगळं दाखवतं आणि सिग्नल किती डीबीएम तेही, हा आकडा उण्यात असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. कंपनीच्या ॲपचं ह्यात काही घेणंदेणं नाही, त्यामुळे दोष कोणाच्या बाजूला हे लगेच कळतं. मी माझ्या फोनवर ते उघडलं, गेजच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आप्पांचं घड्याळ दिसलं, कोणाचे तरी इअरबड दिसले, गेज नाही. पण गेजचा एलईडी जळत होता, आणि लुकलुकत नव्हता, सलग जळत होता. त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय, लुकलुक म्हणजे शोधतोय, सलग म्हणजे जोडलेला.

कोणाला जोडलेला?

असले गेज बहुतेक एका वेळी एकाच फोनशी बोलतात, आणि एकदा कोणाशी जोडले गेले की सिग्नल टाकणं बंद करतात, बाकीच्यांच्या दृष्टीने ते मग अस्तित्वातच नसतात. मी विचारलं अजून कोणाच्या फोनमधे हे ॲप आहे का. पोरगं नाही म्हणालं. मग त्याचा हेल्पर, तो नायट्रोजनचा सिलेंडर धरून उभा, हळूच म्हणे की माझ्यात आहे, परवा तुम्हीच टाकून दिलं होतं दुकानात ट्रायल घ्यायला. फोन कुठाय, तर छोटा हत्तीच्या केबिनमधे चार्जिंगला. आणि छोटा हत्ती उभा होता चेंबरच्या दरवाजासमोरच, माल उतरवायच्या जागेवर. ॲप मागे चालूच होतं, गेजचं बटन दाबलं की ओळखीचा फोन म्हणून आपोआप त्याला चिकटत होता. पोरगं सकाळपासून बॅटऱ्या बदलत होतं आणि दर वेळी गेज इमानदारीने जाऊन त्या केबिनमधल्या फोनला जोडला जात होता. ॲप फोर्स स्टॉप केलं, लगेच एलईडी लुकलुकायला लागला आणि माझ्या एनआरएफमधे गेजचं नाव, पुढे सिरियल नंबरचे शेवटचे आकडे, उणे ५५ च्या आसपास सिग्नल. आप्पा म्हणे झालं का. झालं नव्हतं.

पोराच्या फोनवर यादी अजून रिकामीच. माझ्या फोनवर दिसतोय, त्याच्या फोनवर नाही, म्हणजे आता गेजला हात लावायचा नाही, बघायचं ते त्याच्या फोनमधे. त्याचा फोन अँड्रॉइड ११ चा. ह्या जुन्या व्हर्जनमधे, अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत, बीएलई हत्यार शोधायचं असेल तर ॲपला लोकेशनची परमिशन लागते आणि वरून फोनचं लोकेशन चालूही असावं लागतं. लोकांना वाटतं व्हॅक्यूम गेजला माझं लोकेशन कशाला, आणि ते नाही देत, किंवा बॅटरी वाचवायला वरच्या पट्टीतून लोकेशन बंद करून टाकतात. कारण असं की आजूबाजूची ब्लूटूथ हत्यारं ऐकून माणूस कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून गूगलने दोन्ही एकत्र बांधलं होतं. अँड्रॉइड १२ पासून ते वेगळं केलं, त्यात निअरबाय डिव्हाइसेस नावाची स्वतंत्र परमिशन येते. पोराने परमिशन दिली होती पण लोकेशन बंद. आणि ॲपही बरं, एरर द्यायचं सोडून नुसतं गोल फिरवत बसतं, तिथे एक ओळ लिहिली असती की लोकेशन चालू करा तर ह्याची सकाळ वाचली असती.

आणखी एक उद्योग त्याने केला होता, फोनच्या सेटिंगमधे जाऊन ब्लूटूथच्या यादीतून गेज पेअर करायला गेला होता, स्पीकर करतो तसा. ह्या गेजांना त्याची गरज नसते, जोडायचं ते ॲपच्या आतूनच. कधीकधी सेटिंगमधलं ते अर्धवट पेअरिंग मधे मधे येतं. ते फर्गेट केलं, लोकेशन चालू केलं, ॲप परत उघडलं, आणि आला गेज यादीत. टच केला, कनेक्टेड, हिरवी खूण.

खाली आकड्याच्या जागी नुसत्या रेघा.

इथे पोराचा धीर सुटला. म्हणे बघा दादा, सेन्सरच गेलाय. मी म्हटलं पंप चालू कर आणि थांब. हवेचा दाब म्हणजे ७,६०,००० मायक्रॉन. हे गेज त्या दाबाला मोजायला बनवलेलेच नसतात, बहुतेकांची वरची हद्द २०,००० ते २५,००० मायक्रॉन, त्याच्यावर असेल तर रेघा दाखवतात किंवा ओएल, म्हणजे हद्दीबाहेर. म्हणजे व्हॅक्यूम सुरू करायच्या आधी रेघा दिसणं हे गेज नीट असल्याचं लक्षण आहे. स्क्रीनवाल्या गेजवर हे लगेच लक्षात येतं, पण नुसत्या ॲपवाल्यावर माणसाला वाटतं कनेक्शन तुटलं, आणि मग तो परत पहिल्यापासून सुरू करतो, बॅटऱ्या, फोन बंद-चालू. पंप चालू झाला, थोड्या वेळाने रेघा गेल्या आणि आकडा पडायला लागला.

नुसताच पडला नाही, भराभरा पडला. आणि २४० ला येऊन रेंगाळला. पोरगं खूश, आप्पा उठून उभे, पोरगं म्हणे दादा ५०० पाहिजे होतं, २४० आलं, गॅस मारू का. मला तो आकडा पटेना. तीन-आठांश इंचाच्या एवढ्या लांब पाइपातून, वर पिन वॉल्व्ह तसेच, पाव इंची साध्या होजमधून, गेजांचा सेट म्हणजे मॅनिफोल्ड मधे, आणि पावसाळ्यात उघडी राहिलेली सिस्टिम, ती इतक्या लवकर २४० ला? ॲपमधे आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरात युनिट होतं. पास्कल.

सकाळी ॲप परत टाकताना त्याने देश विचारला, युनिट विचारलं, पोरगं मेट्रिक म्हणून पुढे गेलं, आणि ॲपने दाब पास्कलमधे लावून घेतला. एक मायक्रॉन म्हणजे ०.१३३ पास्कल. २४० पास्कल म्हणजे १,८०० मायक्रॉन. ५०० मायक्रॉन म्हणजे साधारण ६७ पास्कल. हे माझ्या दृष्टीने त्या दिवसातलं सगळ्यात धोक्याचं ठिकाण, कारण आधीच्या सगळ्या भानगडी निदान दिसत तरी होत्या, कनेक्ट होत नाही, रेघा येतात, माणूस थांबतो. इथे सगळं हिरवं दिसत होतं, आकडाही मनासारखा, आणि आत पाणी. त्या २४० वर गॅस मारला असता तर चेंबर चालूही झालं असतं, थंडही झालं असतं, आणि आप्पांनी पैसेही दिले असते. कॉम्प्रेसर पुढच्या उन्हाळ्यात, ४५ डिग्रीच्या मे महिन्यात गेला असता आणि तेव्हा कोणी ह्या दिवसाशी त्याचा संबंध जोडला नसता. सेटिंगमधे जाऊन मायक्रॉन केलं, स्क्रीनवर १,८०० च्या घरात आकडा आला, पोराचं तोंड उतरलं.

आता खरं काम सुरू झालं. १,८०० वर का अडकलंय, लिकेज आहे का पाणी आहे का आपली जोडणीच गरीब आहे. पहिले जोडणी सुधारली कारण ती आपल्या हातात. मॅनिफोल्ड काढून टाकला, कोअर टूल, म्हणजे पिन काढायचं हत्यार, लावून दोन्हीकडचे पिन वॉल्व्ह काढले, पंपाला जाड होज लावला. पंपाचं तेल बदललं, जुनं तेल चहासारखं दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी ओढून ओढून भरलेलं, त्या तेलाने पंप स्वतःच खाली जाऊ शकत नाही. लिक्विड लाइनला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा वॉल्व्ह, आहे, तो बंद असला तर पलीकडचा तुकडा कोंडलेला राहतो, म्हणून त्याची कॉइल काढून मॅग्नेट बसवला, वॉल्व्ह उघडा. कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटर चालू ठेवला म्हणजे तेलातला गॅस नि ओल बाहेर पडायला मदत. नेमका इथे ॲपचा उपयोग दिसायला लागला, ग्राफ चालू होता आणि होज बदलल्यावर रेघ कशी खाली वाकली ते पोराने स्वतःच्या डोळ्याने पाहिलं, नाहीतर जाड होजाचं महत्त्व मी त्याला कितीदा सांगितलं असेल.

आणि मग ग्राफ तुटला. कनेक्शन लॉस्ट.

ह्या वेळी कारण साधं आणि आमच्या भागातलं होतं. चेंबरच्या भिंती म्हणजे पफ पॅनल, मधे फोम आणि दोन्ही बाजूला पत्रा. दार बंद केलं की आतली जागा चहूबाजूंनी पत्र्याचा डबा, आणि ब्लूटूथ काय, आत मोबाइलला टॉवरही येत नाही. शेजारच्या चेंबरमधून क्रेट काढणारी पोरं जाता जाता सवयीने सरकतं दार ढकलून देत होती, वखारीत दार उघडं राहिलं की आप्पा ओरडतात हे त्यांच्या अंगात भिनलेलं. एनआरएफवर बघितलं, दार उघडं असताना बाहेरून उणे ७० च्या आसपास, दार लागलं की उणे ९० च्या पलीकडे आणि मग गायब. कंपनी डब्यावर मोठी रेंज लिहिते, ती मोकळ्या मैदानातली असते. दारात एक रिकामा क्रेट आडवा घातला आणि पोरांना सांगितलं की हा काढायचा नाही. आप्पांनीच वरून दम भरला, म्हणजे काम झालं.

पोराने मधे अजून एक शोधून काढलं, त्याचं श्रेय त्याला. ग्राफमधे दर थोड्या वेळाने रिकामी जागा दिसत होती, दार उघडं असताना सुद्धा. फोनची स्क्रीन बंद झाली की बॅटरी सेव्हर मागचं ॲप झोपवत होता. ॲपला बॅटरी सेटिंगमधे नो रिस्ट्रिक्शन केलं, स्क्रीन टाइमआउट वाढवला, पॉवर बँक लावून फोन दाराजवळ क्रेटवर ठेवला. मग सलग रेघ.

बाकी नवी जोडणी असून सुद्धा आकडा १,४०० च्या आसपास येऊन परत रेंगाळला. इथे वॉल्व्ह बंद करून पंप वेगळा केला आणि ग्राफ बघत बसलो. ह्याच परीक्षेसाठी गेज घेतलेला. लिकेज असेल तर आकडा वर चढतच राहतो, रेघ सरळ वर, हवेचा दाब येईपर्यंत तिला थांबायचं कारण नाही. पाणी असेल तर चढते, मग वाकते आणि एका ठिकाणी आडवी होते, कारण त्या तापमानाला पाण्याची जेवढी वाफ होऊ शकते तेवढी झाली की दाब पुढे वाढत नाही. आमची रेघ २,९०० च्या जवळ आडवी झाली. आत पाणी फार नव्हतं, असतं तर त्या हवेत याच्या कितीतरी वर गेली असती, ३० डिग्रीला पाणी साधारण ३२,००० मायक्रॉनवरच उकळायला लागतं. हे तेलात आणि ड्रायरमधे मुरलेलं उरलंसुरलं. पण लिकेज नाही हे कळलं, आणि आप्पांनाही दाखवता आलं. आप्पा चष्मा चढवून फोन हातात घेऊन म्हणे, "म्हंजे वेल्डिंग फुटेल नाही?" नाही फुटलेलं. पोराचा जीव भांड्यात पडला, कारण आप्पांचा सगळा संशय त्याच्या ब्रेझिंगवर होता.

ओल काढायला नुसता पंप तासनतास चालवण्यापेक्षा कोरडा नायट्रोजन बरा. आधी गेजचा कोअर टूलचा वॉल्व्ह बंद करायचा, प्रेशर सेन्सरवर जाऊ द्यायचं नाही, मग नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडायचं, हवेच्या दाबाच्या जरा वर, थोडं थांबायचं म्हणजे तो ओल घेतो, सोडून द्यायचा, परत पंप. असं दोनदा तोडून तिसऱ्यांदा शेवटचं खेचायचं, ह्याला ट्रिपल व्हॅक्यूम म्हणतात आणि पावसाळ्यात उघड्या पडलेल्या सिस्टिमला मी दुसरं काही करतच नाही. गेज उभाच राहील असा बसवायचा, आडवा किंवा उलटा असला तर तेल सेन्सरमधे उतरतं आणि मग आकडे खोटे यायला लागतात, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून वाळवावा लागतो.

दुसऱ्या खेपेला पंप चालू असताना लाइट गेली. खान्देशात पावसाळ्यात लाइट जाणं ही बातमी नाही, पण व्हॅक्यूमच्या मधे गेली की धडकी भरते. पोरगं धावत गेलं आणि पंपाकडचा वॉल्व्ह बंद केला. गेज बॅटरीवर, फोन बॅटरीवर, ग्राफ चालूच. त्यात एक उभी उडी दिसत होती, पंप थांबल्यापासून वॉल्व्ह बंद होईपर्यंतची, आणि त्यानंतर रेघ परत शांत. साध्या गेजवर हे असतं तर लाइट आल्यावर आकडा वर दिसला असता आणि परत लिकेजचं भूत मानगुटीवर बसलं असतं. इथे उडीची वेळ आणि लाइट जायची वेळ एकच, विषय संपला. लाइट यायला वेळ लागला, तेवढ्यात आप्पांच्या घरून कळण्याची भाकरी आणि शेवभाजी आली, ती सोडून कोणी उठलं नसतं.

शेवटच्या खेपेला ३८० पर्यंत गेलं. वॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटं धरलं, ४६० वर जाऊन आडवं. अशा जुन्या, पीओई तेलाच्या सिस्टिमला पंधरा मिनिटं ५०० च्या आत राहणं मला पुरेसं आहे. गेजचा वॉल्व्ह आधी बंद, मग गॅस. आर-४०४ए हे तीन गॅसचं मिश्रण, म्हणून सिलेंडर उलटा करून लिक्विडमधून, वजनकाट्यावर. रात्री चेंबर १६ ला आलं, दुसऱ्या दिवशी माल भरला.

पोराने आता काय नियम केलाय ते सांगतो. हेल्परच्या फोनमधून ॲप काढलं, गेजचा मालक एकच फोन. कामावर पोचल्यावर गेज सिस्टिमला लावायच्या आधी हातात धरूनच कनेक्ट करून बघतो, रेघा दिसल्या की ठीक, युनिट मायक्रॉन आहे का ते वाचतो, आणि मग फिटिंग. फर्मवेअर, म्हणजे गेजच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटची सूचना कामाच्या जागेवर आली तर करत नाही, घरी वायफायवर करतो, मधे तुटलं तर गेजच अडकून बसायची भीती. मेझरक्विकसारखं दुसरं ॲप टाकायचा त्याचा विचार आहे, त्याला मी एवढंच म्हटलं की एका फोनवर दोन ॲप ठेवली तर एक पूर्ण बंद करून मग दुसरं उघड, नाहीतर पहिलं गेज धरून बसेल आणि दुसऱ्यात यादी रिकामी.

पत्र्याच्या डब्याचा प्रश्न मात्र क्रेट घालून कायमचा सुटत नाही, पुढच्या वेळी आत माल असला तर दार उघडं ठेवताच येणार नाही. त्यावर आम्ही ठरवलंय की कॉइलच्या हेडरवरून पाव इंची पाइप पॅनलमधून बाहेर काढायचा, भोक फोमने बंद करायचं, आणि पाइपाच्या बाहेरच्या टोकाला पिन वॉल्व्ह आणि टोपी. गेज मग बाहेर बसेल आणि तरी मोजेल कॉइलजवळचंच, बारीक पाइपामुळे आकडा थोडा उशिरा येईल तेवढं चालतं. आप्पांना तिन्ही चेंबरचा अंदाज दिलाय. ते म्हणे, "गणपती झाल्यावर बघू, आणि त्या ग्राफचा फोटो माझ्या पोराला व्हॉट्सॲप कर, त्याला बिल पास करायचंय."